वऱ्हाडी टंका, दाम व पैसा : तांब्याचें मोल आणि नाण्याचें मोल

लोणार येथील खाऱ्या पाण्याचें सरोवर व दैत्यसूदनाचें देऊळ हीं सर्वांस परिचित आहेत. आईन-इ-अकबरींत हें गांव मेहकर सरकारांत सांगितलें असून, तेथें काच व साबण करण्यास लागणारें द्रव्य निघतें व त्यापासून सरकारास उत्पन्न होतें, अशी नोंद आहे. त्या काळीं वऱ्हाडचा वसूल ज्या नाण्यांत मांडीत, त्यांच्या धातूचा विचार येथें कर्तव्य आहे.

वऱ्हाडचा एक टंका दिल्लीच्या आठ टंक्यांबरोबर धरीत, असें अबुल फजल लिहितो. सुभ्याचा पूर्वीचा वसूल साडेतीन कोटी टंके, म्हणजेच ५६ कोटी दाम, असें तो देतो. यावरून वऱ्हाडी टंका १६ दामांचा ठरतो. दाम तांब्याचा. त्याचें वजन १ तोळा ८ मासे ७ गुंजा, म्हणजे सुमारें ३२३ ग्रेन. व रुपयास दाम ४०. तेव्हां एका रुपयाच्या मोबदल्यांत सुमारें ८३८ ग्रॅम तांबें हातीं येई. दामाची किंमत मुख्यतः त्याच्या धातूंतच होती.

इ. स. १८३५ च्या कायद्यानें कंपनीचा पैसा १०० ग्रेनांचा ठरला. रुपयास पैसे ६४. म्हणून रुपयामागें तांबें ४१५ ग्रॅमच राहिलें. इ. स. १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. पुढें इ. स. १९०६ त शुद्ध तांबें जाऊन शेंकडा ९५ भाग तांबें, ४ कथील व १ जस्त अशी मिश्रधातु आली व वजन ७५ ग्रेनांवर उतरलें. इ. स. १९४३ त युद्धामुळें तांब्याची टंचाई पडून मध्यें भोंक असलेला, सुमारें २ ग्रॅमचा पैसा निघाला. त्याच वर्षीं अमेरिकेनें आपला सेंट पोलादाचा पाडला. परंतु चुकून तांब्याच्या चकत्यांवर उठलेले त्या सालचे थोडे सेंट आज संग्राहक प्रचंड किंमतीस घेतात; त्यांतील तांब्याची किंमत मात्र नगण्यच.

यावरून उघड होतें कीं, नाण्याचें धातुमूल्य व संग्रहमूल्य हीं दोन निराळीं आहेत. शिवराईचेंच पहा. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ हीं अक्षरें. परंतु त्यांच्या लेखनांत नाना भेद आढळतात, व वजनही पुढें घटत गेलें. तांबटाच्या मुशींत हे सर्व भेद एक होतात. तेथें वजनाचा भाव मिळतो, आणि इतिहासाचा एक पुरावा कायमचा नष्ट होतो.

म्हणून संग्राहकांस कांहीं सूचना कराव्याशा वाटतात. खाऱ्या जमिनींत पडलेल्या तांब्यास हिरवा गंज चढतो. तो चिंचेनें घांसून काढूं नये. घांसण्यानें अक्षरें झिजतात, वजन घटतें व किंमतही उतरते. नाणें हातीं येतांच प्रथम त्याचें वजन, व्यास व सांपडल्याचें ठिकाण टिपून ठेवावें. जमिनींत पुरलेला, दहा रुपयांहून अधिक किंमतीचा निधि सांपडल्यास इ. स. १८७८ च्या कायद्यान्वयें जिल्हाधिकाऱ्यास कळविणें बंधनकारक आहे. एका हांड्यांत सांपडलेलीं नाणीं वाटून घेतलीं, तर कोणतीं नाणीं एकाच वेळीं चालत होतीं हें पुनः कळण्याचा मार्ग उरत नाहीं. सुटीं नाणीं बाजारांत पुष्कळ मिळतील. त्यांचा हा परस्परसंबंध मात्र कोणत्याही मोलानें मिळणार नाहीं.