लाल विंचू चावल्यावर जीव कशामुळे जातो?

लाल विंचू चावल्यावर माणूस दगावतो तो वेदनेने नव्हे, तर हृदय आणि फुप्फुसांवर झालेल्या परिणामामुळे. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर 1970च्या दशकात कोकणात महाड परिसरात सरकारी डॉक्टर होते. तिथे रुग्णांच्या उशाशी बसून केलेल्या नोंदींतून त्यांना हे उमगलं.

विषामुळे शरीरात ॲड्रेनलिनसारखी द्रव्यं भरमसाट स्रवतात. रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर ताण येतो, फुप्फुसांत पाणी साचतं. म्हणून बावस्करांनी रक्तवाहिन्या सैल करणारं प्राझोसिन हे रक्तदाबाचं स्वस्त औषध वापरलं. गंभीर रुग्णांमध्ये सुमारे 40 टक्के असलेलं मृत्यूचं प्रमाण त्यांच्या नोंदींनुसार 1 टक्क्यावर आलं. प्राझोसिनसोबत विंचवाची प्रतिविष लस दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, असं त्यांच्या 2011च्या अभ्यासात दिसलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

तीर्थपुरी असो वा महाड, धोक्याची लक्षणं सारखीच: दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं. लहान मुलांना धोका जास्त. अशा वेळी विंचू उतरवून घेण्यात वेळ न घालवता, जखम न चिरता थेट दवाखाना गाठावा. गोळी मात्र डॉक्टरांनीच द्यायची.