चिनी नावांतील पाच तत्त्वे

आपल्याकडे मूल जन्मले की नक्षत्र पाहून नावाचे आद्याक्षर काढतात. चीनमध्ये जन्माचे वर्ष, महिना, दिवस व प्रहर यांची प्रत्येकी दोन, अशी आठ अक्षरे मांडून बालकास कोणत्या तत्त्वाची उणीव आहे हे पाहण्याची रूढी आहे. ही तत्त्वे पाच. परंतु ती आपली पंचमहाभूते नव्हेत. काष्ठ, अग्नी, मृत्तिका, धातू व जल ही ती होत. एकातून दुसरे उपजते आणि जलातून पुन्हा वृक्ष उगवतो.

मिंग घराण्याने (१३६८–१६४४) हे चक्र वंशावळीतच गुंफले. सम्राट झू दी याच्या नावाक्षरात काष्ठाचे चिन्ह होते. पुत्राच्या नावात अग्नीचे, नातवाच्या मृत्तिकेचे, पणतूच्या धातूचे. वंश अखंड राहावा, हा हेतू. १६४४ साली बंडखोर बीजिंगमध्ये शिरले, तेव्हा सम्राट झू यौच्येन याने राजवाड्यामागील टेकडीवर गळफास घेतला. त्याच्याही नावात काष्ठच होते.

रयतेची मागणी याहून लहान होती. लू शुन यांच्या १९२१ सालच्या ‘माझे जुने गाव’ या कथेतील रुनतू अधिक मासात जन्मतो. त्याला मृत्तिकेची उणीव असते. म्हणून बाप त्याच्या नावात ‘अधिक’ व ‘माती’ ही अक्षरे घालतो. पुढे दुष्काळ, कर आणि दारिद्र्य त्याला पिचून काढतात.

नावाने ना सिंहासन राखले, ना शेतकरी. तथापि लेकराचे उणे भरून निघावे, ही बापाची इच्छा मात्र त्या अक्षरांत टिकून राहिली.