राणी हिराई कोणत्या सालची? मोबाईलवरचा इतिहास पारखून घेऊ या



आजचं बोलणं इतिहासाचं आहे, पण त्याची सुरुवात आपल्या घरातल्या मोबाईलपासून होते. शाळा-कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या लेकींना प्रकल्प मिळतो, 'आपल्या जिल्ह्याचा इतिहास लिहा.' वाचनालय लांब, मोबाईल हाताशी. पोरगी त्यावर 'चांद्याचे गोंड राजे' असं शोधते आणि पहिलं जे दिसेल ते वहीत उतरवते. त्यातलं खरं किती हे ओळखायचं कसं? आम्ही गटात बसून चांद्याच्या राजांची यादीच घेतली आणि ती पारखून पाहिली.

चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर. हे शहर खांडक्या बल्लाळशाहानं वसवलं असं सांगतात. त्याची गोष्ट आपल्याकडे पुष्कळांना पाठ आहे. राजा शिकारीला गेला, तिथं ससाच कुत्र्याच्या मागे लागला. राजानं ते राणीला सांगितलं आणि राणीच्या सल्ल्यानं ससा धावला त्या वाटेनं परकोट बांधायला घेतला. गोष्ट गोड आहे आणि जपण्यासारखी आहे. पण हे घडलं कधी? मोबाईलवर एके ठिकाणी या राजाचं साल १२४२ मिळतं, तर दुसरीकडे त्याला पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात बसवलेलं दिसतं. दोनशेहून जास्त वर्षांचा फरक. दोन्ही खरं असू शकत नाही.

मग पहिला प्रश्न विचारायचा: हे मुळात कोणी लिहिलं आणि कधी लिहिलं? १२४२ चं मूळ शोधत गेलं की आपण मेजर ल्युसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यापाशी पोचतो. चांदा जिल्ह्याच्या जमीन महसुलाच्या बंदोबस्ताचा त्याचा अहवाल १८६९ चा आहे. त्यात चांद्याच्या १९ राजवटी सालांसह दिल्या आहेत. यादी इसवी सन ८७० मध्ये भीम बल्लाळसिंहापासून सुरू होते आणि १७५१ मध्ये नीलकंठशाहापाशी संपते. त्या साली नागपूरच्या रघुजी भोसल्यांनी चांदा घेतलं. म्हणजे यादी लिहिणारा माणूस शेवटच्या राजानंतर शंभरावर वर्षांनी आला, आणि पहिल्या राजानंतर जवळजवळ हजार वर्षांनी.

दुसरा प्रश्न: हिशेब जुळतो का? बचत गटाच्या वहीत जमा आणि शिल्लक जुळली नाही तर आपण नोंद पुन्हा तपासतो ना? तसंच इथं करायचं. ८७० ते १७५१ ही ८८१ वर्षं. १९ राजवटींनी भागलं तर प्रत्येक राजवट सरासरी ४६ वर्षांची येते. एखादा राजा ४६ वर्षं राज्य करेलही, पण ओळीनं सगळेच? यादीत बाबाजी बल्लाळशाह १४४२ ते १५२२, म्हणजे ८० वर्षं. त्याच्या मागोमाग धुंड्या रामशाह १५२२ ते १५९७, म्हणजे ७५ वर्षं. दोनच राजवटी मिळून १५५ वर्षं होतात. इथं शंका घ्यायलाच हवी.

तिसरा प्रश्न: दुसरा स्वतंत्र साक्षीदार आहे का? आहे. अकबर बादशहाच्या काळात अबुल फजलनं 'ऐन-ए-अकबरी' लिहिला. त्यात चांद्याच्या बाबाजी नावाच्या गोंड राजाची नोंद आहे. त्याच्याकडे १,००० घोडेस्वार आणि ४०,००० पायदळ असल्याचं म्हटलं आहे. सैन्याचा आकडा थोडा फुगवलेला असेल असं धरलं, तरी राजा त्या काळातला आहे हे महत्त्वाचं. अकबराचा जन्मच १५४२ चा. यादीप्रमाणे बाबाजीचं राज्य त्याच्या २० वर्षं आधी संपलेलं. जो बाबाजीच्या काळाजवळ बसून लिहितो, त्याच्या शब्दाला सालाच्या बाबतीत जास्त वजन द्यायचं. म्हणून यादी टाकून द्यायची असं नाही. त्यातली नावं लोकांच्या आठवणीतून आली असतील, ती मोलाची आहेत. फक्त साल डोळे मिटून लिहायचं नाही.

आता आपल्या राणी हिराईकडे येऊ. पती बीरशाहाच्या मृत्यूनंतर लहानग्या रामशाहाला दत्तक घेऊन तिनं राज्य चालवलं. चंद्रपुरात बीरशाहाची समाधी आहे, ती तिनंच बांधवली. पण १९ राजवटींच्या यादीत बीरशाह १६७२ ला संपतो आणि त्याच साली रामशाह सुरू होतो. मधे हिराईचं नाव नाही. दुसरीकडे तिचा कारभार अठराव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवतात. म्हणून चौथा प्रश्न आपण बायांनी आवर्जून विचारायचा: यात कोणाचं नाव सुटलं? साहेबानं राजांची यादी केली, कारभार करणाऱ्या बाईला त्यात ओळ मिळाली नाही. तिची समाधी-देवळं आणि लोकांच्या तोंडची आठवण नसती, तर नुसत्या यादीवरून ती कळलीच नसती.

पोरी म्हणतात, 'पण मोबाईलवर दहा ठिकाणी तेच साल आहे!' गावात एकीनं दहाजणींना सांगितलं आणि त्या दहाजणी तेच बोलल्या, तर साक्षीदार दहा होत नाहीत, एकच राहतो. दहा ठिकाणी वाक्यंसुद्धा सारखीच असतील तर ती उतरवलेली समजावीत. मराठी विकिपीडियावर लेखाच्या तळाशी संदर्भ दिलेले असतात, ते आधी पाहावेत. लेख कोणीही बदलू शकतो, आणि कधी काय बदललं ते 'इतिहास' या दुव्यावर दिसतं. लिहिणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही, कुठून घेतलं ते नाही, असा मजकूर प्रकल्पात घालू नये.

शोधताना आणखी एक ध्यानात ठेवा. गडचिरोली जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. त्याआधीच्या कागदांत अहेरी किंवा धानोऱ्याचा मजकूर 'चांदा' या नावाखाली सापडतो. १९०९ चं जुनं गॅझेटियरही 'चांदा' नावाचंच आहे.

हे सगळं नुसत्या गुणांसाठी नाही, बायांनो. वनहक्काच्या दाव्यातही हेच लागतं. नियमांत पुरावा म्हणून गॅझेटियर आणि बंदोबस्ताचे अहवाल चालतात, तसंच गावातल्या वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदनही चालतं. आणि ग्रामसभेनं एकाहून जास्त पुरावे पाहावेत असंही नियमच सांगतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. उद्या आपल्या गावाचा दावा लिहायला बसेल ती आज प्रकल्प लिहिणारी पोरगीच असेल. ऐकीव साल तिनं दाव्यात घातलं आणि ते खोटं ठरलं, तर खऱ्या गोष्टींवरही शंका घेतली जाईल.

तेव्हा या आठवड्यात एवढं करू या. लेकीची प्रकल्पाची वही उघडा आणि प्रत्येक सालापुढे तिला विचारा, 'हे कोणी सांगितलं, कधी सांगितलं, आणि दुसरं कोण सांगतं?' उत्तर नसेल तर त्या सालापुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह करायला सांगा. मग वहीची कोरी पानं घेऊन तिला गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडे पाठवा. आजीचं नाव, वय आणि तारीख वर लिहायची, आणि आजी सांगेल ते तिच्याच शब्दांत खाली उतरवायचं. ते मोबाईलवर कुठेच मिळणार नाही.