सहा निघाले, तिघं परतले

१५ ऑक्टोबर १९२३ला मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवर जगाची फेरी मारायला निघाले. आदी हकीम, जल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानवाला, नरिमन कपाडिया. इराण, इराकचं वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन, सयाम, ब्रह्मदेश असं करत १८ मार्च १९२८ला ते मुंबईत परतले. सुमारे ७१,००० किलोमीटर! पण परतले ते पहिले तिघंच.

मी सॉफ्टवेअरवाला, आकडा दिसला की भागाकार करतोच. साधारण १,६०० दिवस, म्हणजे रोजचे ४४ किलोमीटर. एवढं तर आमच्या ग्रुपमधलं कुणीही रविवारी सकाळी मारून नाश्त्याला घरी येतं. पण आमच्या ४४नंतर सोमवार येतो, त्यांच्या ४४नंतर पुन्हा ४४च. शिवाय वाळवंटातला तहानेचा दिवस आणि शहरातला मुक्काम, सरासरीला दोन्ही सारखेच.

बाकीचे तिघं? कपाडिया तेहरानहून माघारी फिरले, हाथीराम अमेरिकेतच राहिले, पोचखानवाला तिथून घरी आले. १९३१मध्ये प्रवासाचं पुस्तक आलं, ते फेरी पूर्ण केलेल्या तिघांचं. साहजिकच आपल्याला गोष्ट माहीत आहे ती पोचलेल्यांची.

आपल्या अ‍ॅपमध्येही अर्धवट राइडला बॅज मिळत नाही. पण १९२३ साली मुंबईहून सायकलवर तेहरान गाठणाऱ्या माणसाला ‘मधेच सोडलं’ एवढ्या दोन शब्दांत संपवायचं? मला ते पटत नाही.