पाटी, मोंढा आणि संकेतस्थळ

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. परगावचा माणूस तेथे हटकून वाट चुकतो. जावयाचे असते एकीकडे आणि निघतो भलतीकडेच. परंतु वाट चुकला तरी तो कोणत्या ना कोणत्या दुकानाच्या दारातच जाऊन उभा राहतो, ही त्या रचनेतली खुबी आहे. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने हा आराखडा आखला आणि मधली दुमजली गोल इमारत १९१७ साली उभी राहिली. तिच्या पोटात अंबाबाईचे देऊळ आहे. देवी मध्यभागी, तिच्याभोवती बाजार, आणि बाजारातून चहूकडे फुटणाऱ्या वाटा. सोन्याचांदीचे, पादत्राणांचे, गूळ-मिरचीचे, कापडाचे, असे ज्याचे त्याचे अंग ठरलेले. ज्याला मिरची घ्यावयाची त्याने सराफांवरून चक्कर मारण्याचे कारण नाही. (कोणी मारल्यास सराफांची हरकत नसते, ही गोष्ट निराळी.)

दिवाळीच्या फराळाबरोबर बाजाराची ही कथा कशाला, असे वाचक विचारतील. कारण असे की, अलीकडे मराठवाड्यातल्या अनेक लहान व्यापाऱ्यांच्या घरी दिवाळीच्या सुट्टीत एक वाद रंगतो. मुलगा पुण्याहून शिकून आलेला असतो आणि म्हणतो, “बाबा, आपल्या दुकानाची वेबसाइट पाहिजे.” वडील विचारतात, “ती करणार काय?” यावर मुलगा जे बोलतो त्यातले निम्मे वडिलांना कळत नाही आणि, खरे सांगावयाचे तर, पाव हिस्सा मुलालाही कळलेला नसतो. हा वाद संगणकाच्या पुस्तकांपेक्षा गोलाईच्या आणि मोंढ्याच्या इतिहासातून अधिक लवकर सुटतो, असे मला वाटते.

गोलाईतल्या जुन्या दुकानदाराला पाटीवर फारसे काही लिहावे लागत नसे. गिऱ्हाईक पंचक्रोशीतले, आजा ज्या पेढीवर येई तिच्यावरच नातू येई. पाटी वाचून दुकानात शिरणारा तो परका. असे परके लोक आणले ते आगगाडीने. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फूट रुंदीची चिमुकली गाडी १९११ साली लातुरास पोहोचली आणि कुर्डुवाडीमार्गे लातूरचा माल थेट मुंबईच्या वाटेला लागला. तिकडे नांदेडला १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्याच्या लोहमार्गाने एका बाजूस मनमाड आणि दुसऱ्या बाजूस हैदराबाद जोडून दिले होते. नांदेडची आणखी एक गोष्ट म्हणजे, १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी तेथे देह ठेवल्यापासून पंजाबचा यात्रेकरू या गावाला नवा नाही. म्हणजे नांदेडच्या दुकानदाराला मराठी, उर्दू, तेलुगू आणि पंजाबी अशा चार तऱ्हेच्या तोंडांना उत्तर द्यावे लागे. कचेरीची भाषा उर्दू, घरची मराठी आणि हिशेबाची वही बहुधा मोडीत. पाटी कोणत्या लिपीत लिहावी हा तेव्हा अभिमानाइतकाच पोटाचाही प्रश्न होता. आणि गुरुद्वाऱ्याच्या परिसरात आजही गुरुमुखी अक्षरांच्या पाट्या दिसतात त्या यामुळेच.

दुसरी अडचण नाण्यांची. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चाले आणि सरहद्दीपलीकडे कलदार. साधारण सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार. तेव्हा बार्शीच्या व्यापाऱ्याला ‘सत्तर रुपये’ एवढेच कळवून भागत नसे. हाली सत्तर म्हणजे कलदार साठच, आणि या दहा रुपयांत भांडणाला पुष्कळ वाव होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि हाली सिक्काही हळूहळू गेला. तोवर दशमान नाणी आली (१९५७), पाठोपाठ शेर-पायलीच्या जागी किलो आला, आणि सगळ्या दुकानांतल्या भावाच्या पाट्या पुसून नव्याने लिहाव्या लागल्या. भाव कोणत्या नाण्यात, कोणत्या मापाचा, आणि वाहतूक धरून की वगळून, हे स्पष्ट लिहिले नाही तर भाव लिहिला काय नि न लिहिला काय, सारखेच. आजच्या कितीतरी संकेतस्थळांवर डाळीचे सुरेख चित्र असते, भावही असतो, पण तो भाव अर्ध्या किलोचा की किलोचा आणि पोच करण्याचा खर्च कोणाचा, हे पैसे भरावयाच्या वेळी कळते. तेथूनच गिऱ्हाईक परत फिरते.

पण भाव लिहावा की नाही, हाच मूळ वाद आहे. माझ्या मते या सगळ्या विषयाचे मर्म तेथे आहे.

जुन्या मोंढ्यात भाव बोलत नसत. शेतकरी माल घेऊन येई, ढिगाशेजारी बसे आणि आडत्या व खरीददार यांचा सौदा रुमालाखाली चाले. एकाचा हात दुसऱ्याच्या हातात, वर कापड, आणि बोटे दाबून आकडे. ज्याचा माल त्यालाच भाव ठाऊक नाही. नंतर हातात पडे ती हिशेबाची पट्टी, आणि तीत हमाली, तोलाई, धर्मादाय अशी नाना कलमे वजा होऊन उरेल ते त्याचे. ही रीत मोडावयाला फार वर्षे लागली. वऱ्हाडातील कारंजा येथे १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. हैदराबाद संस्थानात बाजारांचा कायदा १९३० साली आला. आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६३ च्या कायद्याने बाजार समित्यांचे आजचे रूप ठरले. या साऱ्या खटाटोपाचे सार एवढेच की रुमाल काढा आणि भाव चारचौघांत बोला. व्यापाऱ्यांना वाटत होते की धंदा बुडेल. तसे झाले नाही. ज्या मोंढ्यात उघडा लिलाव आणि चोख माप, तेथे लांबलांबच्या गाड्या येऊ लागल्या. लातूरचा मोंढा तुरीच्या आणि पुढे सोयाबीनच्या भावासाठी साऱ्या महाराष्ट्रात विचारला जातो, त्यामागे उघड्या सौद्यावरच्या विश्वासाचा वाटा मोठा आहे.

आता संकेतस्थळावर “भावासाठी संपर्क साधा” असे जे लिहिलेले असते, तो मला पुन्हा रुमालच वाटतो. घाऊक मालाचा भाव रोज हलतो, हे मान्य. मग तारीख घालून लिहावे: अमुक दिवशीचा भाव अमुक. स्पर्धकाला कळेल ही भीती तर हास्यास्पदच आहे; समोरच्या दुकानाचा भाव या बाजारात कोणाला ठाऊक नसतो?

भाव सांगितला तरी माल खपतोच असे नाही. तो कशासाठी घ्यावयाचा हेही सांगावे लागते. याचा धडा आपल्याच एका घराण्याने शंभर वर्षांपूर्वी घालून दिला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता. नुसत्या जाहिरातीने तो जाणारा नव्हता. किर्लोस्करवाडीहून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाली, शंकरराव किर्लोस्करांनी ती सांभाळली, आणि कारखान्याची ही खबर वाढत वाढत मराठीतले एक नामांकित मासिक होऊन बसली. ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही तिचीच पुढली भावंडे. कारखान्याच्या मालाची माहिती देता देता वाचनीय मजकूर देणे, हे आज संकेतस्थळे बांधणारे लोक मोठ्या नव्या शोधाच्या आविर्भावात सांगतात. असो. आपल्या हातातल्या दिवाळी अंकाचेही गोत्र तेच. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून कथा-कवितांच्या शेजारी तेल-साबणाच्या जाहिराती सुखाने नांदत आल्या आहेत.

आता प्रत्यक्ष संकेतस्थळाकडे वळू. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली जगाला पहिले संकेतस्थळ दाखविले आणि १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह मोजक्या महानगरांत सामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. नांदेड-लातूरला ते यावयास वेळ लागला, आणि आले तेव्हा मराठीची गोची झाली. तेव्हाचे मराठी टंक म्हणजे इंग्रजी अक्षराच्या खुर्चीवर बसविलेले मराठी अक्षर. दुकानदाराच्या संगणकावर ‘डाळ’ दिसे, तर तो टंक नसलेल्या गिऱ्हाइकाच्या पडद्यावर नुसता चिन्हांचा कचरा. म्हणून पुष्कळांनी मराठी मजकुराचे चित्रच करून लावले. ते दिसे छान, पण शोधणाऱ्या यंत्राला चित्रातली अक्षरे वाचता येत नसत; म्हणजे पाटी होती, पण ती अंधारात टांगलेली. युनिकोड रुळले आणि हे संकट टळले. २०१४ च्या ऑगस्टात तर ‘.भारत’ हे देवनागरी नामांतही मिळू लागले. तरीही आजसुद्धा कित्येक मराठी संकेतस्थळांवर महत्त्वाची माहिती, म्हणजे पत्ता, वेळ आणि भाव, चित्रातच कोंडलेली आढळते.

बोरसुरीच्या तूरडाळीचे उदाहरण घ्या. लातूर जिल्ह्यातील बोरसुरीची डाळ, कास्तीची कोथिंबीर आणि पानचिंचोलीची चिंच यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले खरे, पण मानांकनाबरोबर गिऱ्हाईक घरपोच येत नाही. दिल्लीची गृहिणी ‘अरहर’ शोधते, गुजरातेतली ‘तुवेर’, हैदराबादची ‘कंदिपप्पू’ आणि बिदरकडची ‘तोगरी’. बोरसुरीच्या माणसाने फक्त ‘तूरडाळ’ एवढेच लिहिले, तर यांतली एकही त्याच्या दारापर्यंत पोहोचत नाही. पोहोचतो तो एखादा मधला व्यापारी, जो चार भाषांत लिहितो, साधी डाळ बोरसुरीच्या नावाने विकतो आणि नावाचे मोल खिशात घालतो. ज्याच्या शेतात पिकली त्याच्या हाती पुन्हा पट्टीच.

अशा घराचे संकेतस्थळ फार मोठे नको. डाळीचे पान वेगळे, चिंचेचे वेगळे, गोलाईतल्या रस्त्यांसारखी ज्याची त्याची वाट. माल कोठे पिकला, कोठल्या गिरणीत भरडला, पिशवी किती वजनाची, भाव किती, किती दिवसांत पोचेल, खराब निघाल्यास काय करावयाचे. उचलला जाणारा दूरध्वनी. विक्रेत्याचे खरे नाव-पत्ता आणि तक्रार ऐकणाऱ्याचे नाव. संकेतस्थळावरून माल विकणाऱ्यांसाठी २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनीही हे मागितलेच आहे. मालकांचा हारतुऱ्यांसह फोटो शेवटच्या पानावर चालेल. तो पहिल्या पानावर असला, तर खेड्यातल्या मंद जोडणीवर तो उघडेपर्यंत गिऱ्हाईक कंटाळून जाते, आणि शिवाय ते डाळ घ्यावयास आलेले असते. बहुतेक लोक मोबाइलच्या वीतभर पडद्यावर वाचतात, तेव्हा जे काही सांगावयाचे ते तेथे मावले पाहिजे.

आणि जागा स्वतःच्या मालकीची हवी. २०११ साली गूगलने भारतातील लहान धंद्यांना फुकट संकेतस्थळ व एक वर्षाचे नाव देण्याची योजना काढली. पुढे २०१७ पासून नकाशावरच्या दुकानाच्या नोंदीबरोबर एक साधे संकेतस्थळही फुकट मिळे. कित्येकांनी ते घेतले, बिलांवर छापले. मार्च २०२४ मध्ये कंपनीने ती संकेतस्थळे बंद केली. तिने पूर्वसूचना दिली होती, तेव्हा फसवणूक कोणी म्हणणार नाही. पण बिलांवरचा पत्ता निरुपयोगी झाला तो झालाच. नकाशावरची नोंद जरूर ठेवावी, व्हॉट्सअॅपवर मालाची यादीही लावावी. ती सारी भाड्याची दुकाने आहेत, एवढे ध्यानात असले म्हणजे पुरे. नाव मात्र आपले असावे. राष्ट्रकूट राजे मान्यखेटाहून राज्य करीत, तरी अमोघवर्षाच्या नवव्या शतकातील लेखांत त्याचे बिरुद ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ असेच आहे. आणि ते लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. राजधानी हलली, बिरुद हलले नाही.

संकेतस्थळाचे नाव मात्र राजांच्या बिरुदासारखे कायमचे मिळत नाही. ते वर्षाच्या किंवा काही वर्षांच्या बोलीने घ्यावे लागते आणि मुदत चुकली की दुसरा कोणीही ते उचलू शकतो. पुष्कळदा ते संकेतस्थळ बांधून देणाऱ्या मुलाच्या नावावर नोंदलेले असते, आणि तो मुलगा बंगळूरला नोकरीस लागलेला असतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढून ‘श्री’ लिहितात. त्याच पानाच्या खालच्या कोपऱ्यात, नाव कोणाच्या नावे आहे आणि मुदत कोणत्या तारखेस संपते, अशा दोन ओळी एखाद्या मुनीमजींनी लिहून ठेवल्या, तर लक्ष्मी काही रागावणार नाही.