जुन्या मोटारीच्या रेडिएटरची निवड : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, बखरी, दप्तरे आणि नाणी यांचाच विचार प्रामुख्याने केला जातो. विसाव्या शतकाच्या अभ्यासकाला मात्र यंत्र हेही तितकेच महत्त्वाचे साधन मानावे लागते. यंत्राची अडचण अशी की, ते चालते ठेवायचे तर दुरुस्त करावे लागते आणि दुरुस्ती करताना त्यातील पुरावा नष्ट होण्याचा संभव असतो. ताम्रपटावरील अक्षरे पुसट झाली म्हणून ती कोणी नव्याने कोरत नाही; जुन्या मोटारीचा रेडिएटर गळू लागला तर तो मात्र सर्रास मोडीत जातो. प्रस्तुत लेखात जुन्या मोटारीसाठी पर्यायी रेडिएटर निवडण्याच्या प्रश्नाकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहिले आहे.

अहिल्यानगरची पार्श्वभूमी :

या प्रश्नाचा विचार अहिल्यानगरच्या (२०२४ पर्यंतचे अहमदनगर) संदर्भात करण्यास विशेष कारण आहे. चिलखती दलाचे केंद्र व प्रशाला आणि संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन व विकास संस्था या दोन्ही येथे आहेत. फेब्रुवारी १९९४ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते येथील रणगाडा संग्रहालयाचे उद्घाटन झाले. देशोदेशीची सुमारे ५० लढाऊ वाहने तेथे पाहावयास मिळतात. त्यांत रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्टच्या सांगाड्यावर बांधलेली चिलखती मोटार सर्वांत जुन्या वाहनांपैकी आहे.

या चिलखती मोटारींच्या रेडिएटरपुढे पोलादी दारे बसविलेली असत. दारे मिटली की गोळीपासून संरक्षण मिळे, पण वारा अडून इंजिन तापे. दारे उघडली की इंजिन निवे, पण रेडिएटर उघडा पडे. एका गोळीने पाणी गळाले तरी एवढे अवजड वाहन जागीच खिळून पडणार. म्हणजे युद्धतंत्र आणि उष्णता यांमधील तडजोड त्या एका भागात नोंदविली गेली आहे. कागदपत्रांत ती इतक्या स्पष्टपणे क्वचितच सापडेल.

रेडिएटरचा विकास :

कार्ल बेंझच्या १८८६ च्या मोटारीत पाण्याची वाफ होऊन इंजिन थंड होई, त्यामुळे पाणी वारंवार भरावे लागे. विल्हेल्म मायबाख याने १९०० च्या सुमारास मर्सिडीज ३५ अश्वशक्तीच्या मोटारीसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. त्यात ६ मिलिमीटर बाजूच्या ८,०७० लहान नळ्या होत्या आणि अवघे ९ लिटर पाणी पुरत असे. पुढे उभ्या नळ्या व त्यांवर पातळ पट्ट्या अशी स्वस्त रचना रूढ झाली. फोर्डच्या मॉडेल टी मोटारीत (१९०८-१९२७) सुरुवातीच्या गाड्या वगळता पाण्याचा पंपच नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते व थंड पाणी खाली उतरते, या नियमावरच तिचे काम चाले. दाबाचे झाकण सार्वत्रिक झाले ते त्यानंतर. १९७० च्या दशकापासून तांबे-पितळेची जागा हळूहळू अॅल्युमिनियमने घेतली. यावरून रेडिएटरच्या रचनेवरून मोटारीचा काळ ओळखता येतो, हे स्पष्ट होते.

दख्खनचे हवामान आणि जुनी मोटार :

युरोपात घडलेली मोटार दख्खनमध्ये का तापते, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. रेडिएटरची क्षमता पाणी आणि हवा यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. पाणी ९० अंशांवर आणि हवा २० अंशांवर असेल तर हा फरक ७० अंशांचा असतो. एप्रिल-मे महिन्यांत नगरचा पारा ४० अंशांच्या आसपास असताना तो ५० अंशांवर येतो. म्हणजे त्याच रेडिएटरची क्षमता सुमारे २९ टक्क्यांनी घटते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर असल्याने उघड्या टाकीतील पाणी १०० ऐवजी सुमारे ९८ अंशांनाच उकळते. करंजी घाट किंवा चंदनापुरी घाट चढताना वेग कमी आणि इंजिनावरील भार जास्त, अशा वेळी ही तूट जाणवते. विहिरीच्या वा कूपनलिकेच्या क्षारयुक्त पाण्याने नळ्यांत व इंजिनात थर साचतो, तो वेगळाच.

अर्थात मोटार तापते म्हणजे रेडिएटरच निकामी झाला, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. इंजिनातील क्षारांचा थर, सैल पट्टा, झिजलेला पंप किंवा ठिणगीची चुकलेली वेळ यांमुळेही तेच लक्षण दिसते. यांची तपासणी न करता रेडिएटर बदलल्यास जुना भाग जातो आणि दोष तसाच राहतो.

निवडीचे पर्याय :

दोष रेडिएटरचाच ठरल्यास चार मार्ग संभवतात.

पहिला मार्ग साफसफाई करून गळती डाखाने बुजविण्याचा. तांबे-पितळेवर शिसे-कथलाचा डाख धरतो. पुण्याच्या तांबट आळीसारख्या ठिकाणी पिढ्यान् पिढ्या जपलेल्या धातुकामाशी हे कौशल्य नाते सांगते.

दुसरा मार्ग मूळच्या वरच्या व खालच्या टाक्या आणि बाहेरील चौकट राखून केवळ मधली जाळी नवी बसविण्याचा. जुन्या मोटारीची ओळख तिच्या रेडिएटरच्या चौकटीतच असते, म्हणून हा मार्ग महत्त्वाचा. जाळी मागविताना तिची उंची, रुंदी व जाडी, नळ्यांच्या ओळी आणि तोंडांचा व्यास जुन्या जाळीवरूनच घ्यावा लागतो. पोळ्याच्या रचनेची जाळी घडविणारे कारागीर जगात मोजकेच उरल्याने मागे साधी नळ्यांची जाळी आणि पुढे पोळ्याचा केवळ देखावा, अशीही तडजोड केली जाते. तिची नोंद न ठेवल्यास भावी अभ्यासकाची दिशाभूल होते.

तिसरा मार्ग तशाच दुसऱ्या जुन्या मोटारीचा रेडिएटर बसविण्याचा. तो काळाशी सुसंगत असला तरी त्यापायी दुसरे वाहन अपुरे होते.

चौथा मार्ग अॅल्युमिनियमचा. तांबे अॅल्युमिनियमहून तिपटीपेक्षा जड असल्याने नवा रेडिएटर हलका असतो आणि त्याच्या रुंद नळ्यांमुळे चांगले काम देतो. तथापि तांबे-पितळेच्या इतर भागांशी त्याचा संबंध आल्यास तो गंजण्याचा धोका असतो, योग्य शीतक द्रव आवश्यक ठरतो आणि डाख देऊन तो दुरुस्त होत नाही. जुन्याच रेडिएटरवर जास्त दाबाचे झाकण बसविण्याचा उपाय तर अधिक घातक. दर चौरस इंचाला एक पौंड दाब वाढला की उत्कलनबिंदू सुमारे १.६ अंशांनी वाढतो हे खरे. परंतु दाबासाठी न घडविलेले जुने सांधे त्याने उकलतात.

मूळपणाचा प्रश्न :

केंद्र शासनाच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी व चारचाकी वाहने वारसा वाहने म्हणून नोंदविता येतात. त्यामुळे केवळ संस्थानिकांच्या मोटारीच नव्हेत, तर जुनी फियाट, अॅम्बॅसॅडर किंवा जीपही या वर्गात येऊ शकते. मूळ स्वरूप ठरविताना नियमाचा भर सांगाडा, बाह्यांग आणि इंजिन यांतील बदलांवर आहे. रेडिएटरचा निर्णय त्यामुळे मालकाच्या विवेकावर राहतो. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने वास्तुसंवर्धनाच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर तयार केलेली ट्युरिन सनद येथे मार्गदर्शक ठरते. बदललेल्या भागावर ओळखखूण असावी आणि काढलेले महत्त्वाचे भाग वाहनासोबत जपावेत, अशी तिची भूमिका आहे.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे दिसते की, रेडिएटरची निवड वाहनाच्या उपयोगावरून ठरविणे योग्य होय. संग्रहालयात उभ्या असलेल्या वाहनाला पाणी थंड करावयाचे नसते. तेथे गळका असला तरी मूळ रेडिएटरच राखणे श्रेयस्कर. प्रसंगोपात्त चालणाऱ्या मोटारीस डाख अथवा त्याच धातूची नवी जाळी पुरेशी ठरते. उन्हाळ्यात लांबचा प्रवास करावयाचाच असेल तर अॅल्युमिनियमचा रेडिएटर क्षम्य मानावा. मात्र तो मूळच्या खिळ्यांवरच, नवे छिद्र न पाडता बसवावा, म्हणजे पुन्हा काढता येईल. कोणताही मार्ग स्वीकारला तरी जुना रेडिएटर भंगारात न देणे आणि बदलाची तारखेसह लेखी नोंद ठेवणे ही दोन पथ्ये अनिवार्य आहेत. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी अशा वाहनांच्या व दुरुस्तीच्या नोंदी संकलित केल्यास विसाव्या शतकातील दळणवळणाच्या स्थानिक इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन सुरक्षित होईल. भंगाराच्या वजनकाट्यावर तांब्याचा भाव मिळतो. त्यातील इतिहास मात्र परत मिळत नाही.