दारूबंदीचा ताळेबंद

सीमाभागातून कोल्हापूरकडे किंवा सावंतवाडीकडे जाताना महाराष्ट्राची हद्द लागली, की हॉटेलांच्या पाट्यांवर 'परमिट रूम' हे दोन शब्द दिसू लागतात. रोज दिसणाऱ्या शब्दाचा अर्थ आपण विचारीत नाही. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला मात्र तो विचारावा लागतो. परमिट कसले? कोणी, कोणाला आणि कशासाठी दिलेले? त्याचे उत्तर एका कायद्यात आहे, आणि एके काळी तो कायदा आपल्या बेळगाव जिल्ह्यालाही लागू होता.

दारूबंदी हे कोणा एका हट्टी पुढाऱ्याच्या डोक्यातून निघालेले खूळ होते, असे म्हणण्याची आज पद्धत आहे. ते खरे नाही. महात्मा फुल्यांनी १८८० साली पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना दारूच्या दुकानांना विरोध केला होता. लोकमान्य टिळकांच्या नेतृत्वाखाली १९०८ साली पुण्यात दारूच्या गुत्त्यांवर निरोधने झाली. त्यामागे कारण होते. इंग्रज सरकारने १८७८ च्या अबकारी कायद्याने दारू गाळणे आणि विकणे आपल्या मुठीत घेतले होते, आणि १८९२ च्या कायद्याने आदिवासींच्या अंगणातल्या मोहाच्या फुलांवरही नजर ठेवली. मजुराच्या घोटाघोटावर सरकारी खजिना भरत होता. दारूचे दुकान बंद पाडणे हा म्हणूनच स्वराज्याचाच एक भाग झाला. गांधीजींनी त्याला व्रताचे रूप दिले, आणि पुढे राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात त्याला मार्गदर्शक तत्त्वाचे स्थान मिळाले.

बाळासाहेब खेरांच्या पहिल्या मंत्रिमंडळात अबकारी खाते डॉ. गिल्डर यांच्याकडे होते. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी सुरू झाली. बुडणारे उत्पन्न भरून काढण्यासाठी शहरातील घरांच्या भाड्याच्या उत्पन्नावर शेकडा दहा कर बसवण्यात आला. न पिणाऱ्यानेही दारूबंदीची किंमत मोजायची, ही रीत तेव्हापासूनची. त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि पुढच्या वर्षी उच्च न्यायालयात बंदीचा हुकूमही टिकला नाही. स्वातंत्र्यानंतर खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. ६ एप्रिल १९५० पर्यंत सारे मुंबई राज्य 'कोरडे' झाले. तारीख मुद्दाम निवडलेली असावी. वीस वर्षांपूर्वी त्याच दिवशी दांडीला मीठ उचलले गेले होते. त्या वेळच्या मुंबई राज्यात गुजरात होता, तसे बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवारही होते.

हेतूविषयी माझ्या मनात शंका नाही. पण कायद्याचा हिशेब हेतूवरून नव्हे, परिणामावरून मांडावा लागतो.

पहिला परिणाम आपल्या दारातच झाला. बेळगाव, कारवार आणि सावंतवाडी यांना लागून गोवा होता. तेथे १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज राज्य होते, आणि काजूची व माडाची फेणी उघड विकली जात होती. घाटाच्या वर गुन्हा, घाटाच्या खाली व्यापार! अशा ठिकाणी चोरवाटा न निघाल्या तरच नवल. तीच गत गुजरातच्या अंगाला असलेल्या दमणची.

दुसरा परिणाम गरिबांवर झाला. कोकणात पिढ्यान्पिढ्या माडी काढणाऱ्या भंडारी समाजाचा धंदा गेला. ताडी-माडी हे सौम्य पेय. ते काही तासांत आंबते, लपवून दूर नेता येत नाही. चोरट्या व्यापाराला लागते ती थोडक्या जागेत मावणारी जहाल वस्तू. म्हणून माडी गेली आणि हातभट्टी आली. काळा गूळ आणि नवसागर यांची आंबवण गाळून ती मोटारीच्या टायरमधल्या ट्यूबांत भरून शहरभर फिरू लागली. श्रीमंतांना मात्र वाट मोकळी होती. प्रकृतीसाठी दारू आवश्यक आहे असा डॉक्टरचा दाखला आणला, की सरकारी परमिट मिळे. पाटीवरचे 'परमिट' ते हेच. दाखला मिळवण्याची ऐपत असलेला रुग्ण ठरला आणि ऐपत नसलेला गुन्हेगार.

तिसरा परिणाम कायद्यावरच झाला. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा बहुतांशी उचलून धरला, पण अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधने त्यातून वगळली. मग लोक टिंक्चर पिऊ लागले. ती परप्रांतांतून येतात म्हणून १९५५ साली केंद्राला वेगळा कायदा करावा लागला. १९५४ साली पेसिकाका खटल्यात न्यायालयाने सांगितले, की तोंडाला वास आला एवढ्यावरून गुन्हा ठरत नाही. पोटात गेलेले औषध नव्हते हे सरकारने सिद्ध केले पाहिजे. त्यावर १९५९ साली दुरुस्ती आली. रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल सापडले, की आपण निर्दोष आहोत हे आरोपीनेच सिद्ध करायचे. एक भोक बुजवायला दुसरे ठिगळ, आणि त्या ठिगळासाठी न्यायाचे मूळ तत्त्वच थोडे बाजूला सरकवायचे, असा हा प्रवास आहे.

याच काळात 'हप्ता' या साध्या शब्दाला नवा अर्थ चिकटला. मुंबईत 'आंटी'चे चोरटे अड्डे गल्लोगल्ली झाले. वरदराजन मुदलियारसारख्यांच्या टोळ्या हातभट्टीच्या पैशावर उभ्या राहिल्या, आणि दारूबंदी सैल झाल्यावरही त्या टोळ्या संपल्या नाहीत. अमेरिकेने १९२० ते १९३३ या तेरा वर्षांत हाच धडा गिरवला होता. तो आपण वाचला नाही, किंवा वाचून बाजूला ठेवला.

१९५६ आणि १९६० च्या राज्य पुनर्रचनेनंतर एका कायद्याचे तीन संसार झाले. म्हैसूर राज्याने साठच्या दशकाच्या उत्तरार्धात बंदी उठवली. महाराष्ट्राने कायदा ठेवला, पण परमिटाची खिडकी इतकी रुंद केली की तिचा दरवाजाच झाला. गुजरातने बंदी चालू ठेवली. तेथे विषारी दारूला 'लठ्ठा' म्हणतात, हे आपल्या वडोदरेकर वाचकांना सांगायला नको. १९८९ साली वडोदऱ्यात आणि २००९ साली अहमदाबादेत शंभराहून अधिक माणसे लठ्ठ्याने गेली. २०२२ साली बोटाद परिसरात चाळीसहून अधिक गेली. कारखान्यातले मिथेनॉल पिण्याच्या दारूत मिसळले जाते आणि चोरीच्या धंद्यात ते तपासणारा कोणी नसतो. बिहारने २०१६ साली संपूर्ण दारूबंदी केली. २०२१ साली सरन्यायाधीश रमणा यांनी त्या कायद्याचे उदाहरण दूरदृष्टीच्या अभावाचा नमुना म्हणून दिले, कारण न्यायालये जामिनाच्या अर्जांनी तुंबली होती.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २०१५ साली मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर बळी गेले, आणि तेथे दारूबंदी नव्हती. म्हणजे दुकाने उघडली की सारे ठीक होते, असेही नाही. कर्नाटकाने २००७ साली सारायी बंद केली, तेव्हा गरिबाच्या हातातली फक्त बाटली बदलली. शनिवारी मजुरी घेऊन नवरा घरी पोचेल की नाही, या काळजीने उंबऱ्याशी बसलेल्या बाईचा प्रश्न परमिटाने सुटत नाही आणि पोलिसानेही सुटत नाही.

तिने स्वतः मात्र काही ठिकाणी तो हाती घेतला आहे. महाराष्ट्रात गावच्या मतदानाने दारूचे दुकान बंद करता येते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. कित्येक गावांत बायकांनी आडवी बाटली जिंकून दाखवली आहे. गडचिरोलीची १९९३ ची जिल्हाबंदी लोकांच्या आंदोलनातून आली आणि तिच्यामागे गावोगावचे काम उभे राहिले. चंद्रपूरची बंदीही २०१५ साली आंदोलनातूनच आली, पण २०२१ साली सरकारने ती उठवली. लोकांची मागणी ही सुरुवात असते. पुढे रोजची पाठराखण लागते.

आणखी एक जोडी मी वर्गात नेहमी फळ्यावर लिहितो. १९८५ साली अंमली पदार्थांविरुद्ध देशव्यापी कायदा आला. त्यात किमान दहा वर्षांची शिक्षा इतकी सरसकट होती, की २००१ साली जप्त मालाच्या प्रमाणानुसार तिच्यात पायऱ्या कराव्या लागल्या. १९८६ साली पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांनी, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने, 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. कायद्याने व्यसनी माणसात आरोपी पाहिला, मुक्तांगणने आजारी माणूस पाहिला.

दारूबंदीच्या ताळेबंदात जमेच्या बाजूला एक मोठी आकांक्षा आहे, ती खोडण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण खर्चाच्या बाजूला माडी काढणाऱ्याची रोजी, हातभट्टीवाल्याची मिजास, वाकवलेला कायदा आणि लठ्ठ्याने विझलेली घरे आहेत. पुढच्या वेळी कोणी व्यासपीठावरून "बंदी आणतो" असे म्हणाला, तर टाळ्या वाजवण्यापूर्वी त्याला एवढेच विचारावे, की या वेळी खर्च कोणाच्या नावावर मांडणार?